एकवीस अक्षरं

मी आता रविवारचा वर्ग घेत नाही. आमच्या मराठी मंडळात कोणी विचारलं की गुडघ्याचं कारण सांगते. चामराजपेटच्या घरून बनशंकरीच्या वर्गापर्यंत बसमध्ये उभं राहून जायचं म्हणजे गुडघा कुरकुरतोच, त्यामुळे कोणी जास्त खोदून विचारत नाही. खरं कारण आहे एक दहा वर्षांची मुलगी. तिच्या घरात काय चाललंय ते तिने मला सरळ सांगितलं होतं, एकवीस अक्षरांत. मला सतरा हवी होती, म्हणून मी त्यातली चार काढून टाकली.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्या आहे, ते मला नीट सांगता येणार नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो. पण ते मराठी पुण्याच्या माणसाने ऐकलं की तो आधी हसतो आणि मग ‘किती गोड’ म्हणतो. गोड म्हणजे काय, ते मला कळतं. अक्का, अण्णा, ठीक म्हणायला सरी, थोडं म्हणायला स्वल्प हे शब्द आमच्या तोंडात असे मुरलेत की ते कानडी आहेत हे बाहेरच्यांनी सांगावं लागतं. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेही कानडीतून. मराठी शिकवायचा माझा काय अधिकार? पण मंडळात पुण्या-मुंबईहून, नागपूरहून नवी आयटीतली कुटुंबं येऊ लागली. त्यांच्या मुलांना मराठी यावं असं सगळ्यांना वाटायचं आणि शिकवायला वेळ कोणालाच नव्हता. रिकामी अशी मीच होते.

हायकू मला निवृत्तीनंतर भेटला. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. मला तो पाहताक्षणी आवडला, कारण त्यात शुद्ध मराठीची परीक्षा नव्हती. मोजता आलं की अर्धं काम झालं, आणि मोजण्यात माझा हात कोणी धरला नसता. ज्या बायका माझ्या बोलण्याला हसत होत्या त्यांच्याच मुलांकडून मी असं काही लिहून घेणार होते की त्यांची तोंडं बंद व्हावीत. हे आज कबूल करते. तेव्हा मात्र मी याला मुलांची सेवा म्हणत होते.

वर्गाचे नियम कडक होते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच लिहायचं. दुःख, आनंद, प्रेम, एकटेपणा हे शब्द बंद. “मला वाईट वाटलं असं लिहिलंस तर पान फाडीन,” असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि एका मुलाचं पान खरोखर फाडलंही. कोणी ओळी वाचून दाखवल्या की सगळा वर्ग बाकावर बोटं आपटत अक्षरं मोजायचा. पहिल्या ओळीला एक हात, दुसरीला एक हात आणि वर दोन बोटं, तिसरीला पुन्हा एक हात. एखादं बोट जास्त पडलं की सगळे ओरडायचे, “जास्त!” मुलांना हा खेळ फार आवडायचा. लिहायचीही छान:

पार्सलवाला
लिफ्टमध्ये एकटा
वास गरम

दुसऱ्या एका पोराने लिहिलं होतं:

चार्जर नाही
आईने लपवला
मीच शोधला

यात काव्य नाही हे मलाही दिसत होतं, पण अक्षरं बरोबर होती आणि गोष्ट खरी होती. मी त्याला शाबासकी दिली.

ही मुलगी दसऱ्यानंतर वर्गात आली. वडील नागपूरचे, आई मुंबईची, दोघंही आयटीत. घर मंडळाच्या हॉलजवळच्याच एका अपार्टमेंटमध्ये. ती बाकाच्या टोकाला बसायची, पाण्याची बाटली मांडीत घट्ट धरून. सगळे बाकावर बोटं आपटायचे तेव्हा ही एकटी हात मांडीत ठेवायची. मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा म्हटलं, “तुझ्या बोटांना काय मेंदी लावलीय?” मुलं हसली. ती म्हणाली, “मला तो आवाज आवडत नाही, अक्का.” मी म्हटलं, “सरी, मग मनात मोज,” आणि पुढच्या मुलाकडे वळले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने वही पुढे केली.

आजीच्या खोलीला
बाहेरून कडी आहे
आतून टकटक

माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं नाही. पण तो कसला काटा होता तेही सांगायला हवं. शिक्षकाला वर्षानुवर्षांतून एखादं असं पोर मिळतं, तसं मला मिळालं होतं, म्हणून तो काटा होता. ती खोली कोणाची आणि त्या खोलीत कोण आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वर्गाने बोटांनी मोजलं. सहा, आठ, सात. “जास्त! जास्त!”

मी तिला जवळ बसवलं आणि लाल पेन घेतलं. “बघ, ‘आजीची खोली’. झाली पाच. ‘कडी बाहेरूनच’. सात. आता शेवटची. टकटक काही बसत नाही गं. ‘आतून हाक’ करू या. पाच.”

ती वहीकडे बघत राहिली. “पण आजी हाक नाही मारत, अक्का.”

“असू दे. वाचणाऱ्याला काय कळतंय?”

“तिला माझं नाव आठवत नाही. बाबांचं पण नाही. म्हणून ती टकटकच करते.”

“अय्यो, सतरांत बसायला हवं ना कन्ना? स्वल्प बदलावं लागतं.”

हे संभाषण मी माझ्या सोयीने सौम्य केलेलं नाही. ती असंच बोलली आणि मी असंच उत्तर दिलं. मराठीत आपण ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतो आणि तो करणाऱ्याला शतकानुशतकं नावं ठेवतो. त्या कागदावर खाडाखोड करणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते माहीत होतं. मी लाल पेनाने ‘टकटक’ खोडलं, वर ‘हाक’ लिहिलं आणि शेजारी बरोबरची खूण केली.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा आजीवरच लिहून आणलं.

कडीला तेल
बाबा घालत होते
आज सकाळी

एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी मोजलं, पुन्हा मोजलं, पाठीवर थाप मारली. मग म्हटलं, “पण आता आजी पुरे. एकाच विषयात अडकायचं नसतं. बाहेर बघ जरा. झाड लिही, पक्षी लिही.” तिने मान हलवली. त्यानंतर तिने गुलमोहरावर लिहिलं, मांजरावर लिहिलं, अपार्टमेंटच्या वॉचमनच्या छत्रीवर लिहिलं. सगळं बेताचं होतं. मला वाटलं, पहिल्या दोन वेळा नशिबाने जमलं असेल.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम असतो. हळदीकुंकू, तिळगूळ, मुलांची नाच-गाणी. त्या वर्षी मी हॉलच्या एका भिंतीवर मुलांच्या हायकूंचे तक्ते लावले. अक्षर माझंच, ठळक मार्करने. मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, ‘आजीची खोली’. काळ्या साड्यांतल्या बायका वाण घेऊन त्या भिंतीसमोर थांबायच्या, वाचायच्या आणि ‘अगं बाई’ म्हणायच्या. मला जी सगळ्यात जास्त हसायची, ती पुण्याची बाई मुद्दाम मला शोधत आली. “अक्का, काय लिहून घेतलंत हो मुलीकडून! म्हातारपणाचं केवढं मोठं प्रतीक आहे ते! दहा वर्षांची आहे यावर विश्वास बसत नाही.” कोणी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं आणि मी चढू नये असं आयुष्यात झालेलं नाही. त्या संध्याकाळी तर मी शेंड्यावर होते. सगळ्या मंडळाने ते वाचलं. डॉक्टर होते, वकील होते, दोन निवृत्त मुख्याध्यापक होते. कडी खरोखर आहे का, असं एकानेही विचारलं नाही. चांगल्या ओळी वाचल्या की आम्ही दाद देतो. तशी ती देऊन सगळे जेवायला गेले.

मुलीची आई उशिरा आली. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. ती तक्त्यासमोर उभी राहिली ती हललीच नाही. मी कौतुक ऐकून घ्यायच्या तयारीने तिच्याजवळ गेले.

“काकू, हे तिने कधी लिहिलं?”

“नोव्हेंबरात. तुमच्या मुलीत आहे हं काहीतरी.”

“ती ना, इमॅजिन फार करते,” ती म्हणाली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “काकू, ॲक्चुअली मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. दोन मिनिटं. बाहेर येता?”

मला वाटलं, ही आता तक्ता काढायला सांगणार. असले आईबाप मी पस्तीस वर्षांत पोत्याने पाहिले होते. पोराने खरं काही लिहिलं की यांच्या घराची अब्रू जाते. मी तिला तिथेच, चार बायकांसमोर, पाच मिनिटं ऐकवलं. मुलांच्या कल्पनेला लगाम घालू नका, घरचं-बाहेरचं करत बसू नका, अशी संधी पुन्हा येत नाही. ती ऐकत राहिली. “हो काकू,” म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली. तिळगूळही घेतला नाही. मी शेजारणीला म्हटलं, “बघा, नाचता येईना अंगण वाकडं.” ती म्हण तिथे लागूही पडत नव्हती. पण बोलायची खुमखुमी होती.

त्यानंतर मुलगी वर्गात आली नाही. मी फोन केला नाही. रुसव्याला रुसवा.

फेब्रुवारीच्या शेवटी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर आला, अमुक कुटुंबातल्या आजींचं दुःखद निधन. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही दोन हात जोडून टाकले आणि भाजी चिरायला बसले. अर्धी कोबी चिरून झाल्यावर माझा हात थांबला. ते त्या मुलीचं कुटुंब होतं, आणि त्यात एकच आजी होती. मी उठून वर्गाच्या पिशवीतून जुन्या वह्यांचे फोटो काढलेला मोबाईल शोधू लागले आणि लक्षात आलं की मोबाईल माझ्या हातातच आहे. फोटोत माझ्या लाल शाईखाली ‘टकटक’ अजून वाचता येत होतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

दहावा झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दारात चपलांचा ढीग नव्हता. वडील अस्थी घेऊन नागपूरला गेले होते. आईने दार उघडलं. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “या,” म्हणाली.

हॉलमधून आतली खोली दिसत होती. दार सताड उघडं होतं. कडी काढून टाकलेली, तिच्या जागी लाकडात स्क्रूची चार भोकं. बैल गेला अन् झोपा केला, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी तरी आत्ता दुसरं काय करायला आले होते?

मी काही विचारायच्या आधीच ती सांगू लागली. इतके दिवस तिला कोणी विचारलंच नसावं. सासरे गेल्यावर सासूबाईंना नागपूरहून आणलं. विसरभोळेपणा आधीपासून होता, इथे येऊन वाढला. भाषा कळेना, रस्ते कळेनात. एकदा घराबाहेर पडून त्या थेट बनशंकरीच्या देवळाजवळच्या मोठ्या रस्त्यावर पोचल्या. बसच्या पुढ्यात जात होत्या, एका रिक्षावाल्याने ओढलं. दिवसभरासाठी बाई ठेवली होती, ती दसऱ्याला गावी गेली ती परतलीच नाही. दुसऱ्या दोघी आल्या, आठ-आठ दिवसांत सोडून गेल्या. वृद्धाश्रम नवऱ्याला चालणार नव्हता. नोकरी सोडणं दोघांनाही शक्य नव्हतं. मग कडी आली. खोलीत न्हाणीघर आहे, पाणी आहे, डबा आहे, आणि साडेतीनला शाळेतून मुलगी येते, त्यानंतर हाकेच्या अंतरावर असेल कोणीतरी. मुलीला एकच सांगितलं होतं, आई येईपर्यंत दार उघडायचं नाही, काही झालं तरी नाही. आजी बाहेर पडली तर तू तिला धरू शकणार नाहीस.

“ती दाराबाहेरच बसून होमवर्क करायची,” आई म्हणाली. “त्या दिवशी तिने मला फोन केला. म्हणाली, आजी आज वेगळीच वाजवतेय, खालून. मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, ती नेहमीच वाजवते गं, तू अभ्यास कर. साडेसहाला आले. दार उघडेना, कारण त्या दाराला लागूनच पडलेल्या होत्या. पडल्यावर किती वेळ जिवंत होत्या, लवकर आलो असतो तर काय झालं असतं, डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.”

मी म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी मला हे सांगणार होतात.”

“हो.” ती पदराशी चाळा करत होती. “ते भिंतीवर पाहिलं ना, तर मला बरंच वाटलं, काकू. वाटलं, आता कळलं सगळ्यांना. आता कोणीतरी येऊन म्हणेल, काय चालवलंय तुम्ही हे. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मी रडले असते, सगळं बोलून टाकलं असतं. मंडळात एवढी माणसं, कोणीतरी काहीतरी सुचवलं असतं. एखादी बाई मिळाली असती, दुपारी कोणी येऊन बसलं असतं. मी त्या हॉलमध्ये वाट बघत होते. तर सगळे माझं अभिनंदन करत होते.”

मला माफी मागायची होती. मागितलीही. ती म्हणाली, “तुमचं काय त्यात,” आणि चहा टाकायला आत गेली. राग आला असता तर तिने तसं म्हटलं नसतं. तिच्यात रागावण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

मुलगी तोवर आतून येऊन माझ्यासमोर उभी राहिली होती. हातात वही होती, वर्गातली नाही, दुसरी. वर्गाला येणं बंद झालं तरी ती लिहीत होती. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

“अक्का, पहिली चुकली होती ना माझी. जास्त झाली होती. म्हणून तुम्हाला मोजत बसावं लागलं.”

“नाही गं कन्ना. तुझं काही चुकलं नव्हतं. मला वाचता आलं नाही.”

हे मोठ्यांचं बोलणं आहे हे ठाऊक असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. “आता मला येतं,” ती म्हणाली. “या सगळ्या मी मोजून लिहिल्यात. दारापाशी बसून. बरोबर मोजल्या की तुम्हाला दाखवणार होते. मग तुम्ही नीट वाचल्या असत्या.”

मी वही उघडली. पानापानावर तीन-तीन ओळी, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीचा बारीक ठिपका.

एक बिस्कीट
दाराच्या फटीतून
चुरून गेलं

अशा कितीतरी. झाड नाही, पक्षी नाही, सगळीकडे ते एकच दार. शेवटच्या लिहिलेल्या पानावर होतं:

आज खालून
टकटक जराशी
मग नाहीच

आई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि आमच्या दोघींकडे बघत थांबली. मी ते पान पुन्हा वाचलं. डोळे भरून आले होते, ओळी नीट दिसत नव्हत्या. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, ती माझ्या हाताकडे पाहत होती. म्हणून मीही खाली पाहिलं. माझी बोटं मांडीवर एकेक करून पडत होती. पाच, सात, पाच.

“बरोबर आहे ना?” तिने विचारलं.